पांढरा धूर थांबत नाही, तेव्हा

सातारा-सांगलीच्या माणसाला डिझेल इंजिन काही नवं नाही. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात 1930 नंतरच्या दशकातच देशी डिझेल इंजिनं तयार होऊ लागली, आणि पुढं विहिरीविहिरीवर इंजिनाची फटफट सुरू झाली. आता विहिरीवर विजेची मोटर आली. पण पाटण, जावळी, शिराळा अशा डोंगरी भागात जुनी डिझेल जीप अजून राबते आहे. अशी जीप सकाळी पांढरा धूर सोडते आणि दुपार झाली तरी तो थांबत नाही, मग मालकाच्या पोटात गोळा येतो. मिस्त्री म्हणतो, "इंजिनाचं काम काढावं लागेल." म्हणजे एका हंगामाची कमाई गेली. तेव्हा गाडी खोलायच्या आधी घरच्या घरी काय पाहता येतं, ते आज बघू.

आधी एक साधी गोष्ट. सायकलचा पंप भराभर मारला की तळाशी गरम लागतो. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात मुलांकडून जरूर करून घ्यावा. कारण डिझेल इंजिनाचं सारं मर्म त्यात आहे. या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला विसाव्या हिश्शाच्या आसपास दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि तिच्यात बारीक फवाऱ्यानं सोडलेलं डिझेल आपोआप पेटतं. हवा पुरेशी तापली नाही, किंवा डिझेल वेळेवर आणि बारीक फवारलं गेलं नाही, तर ते न जळताच बाहेर पडतं. सायलेन्सरमधून दिसतो तो खरं म्हणजे धूर नव्हेच. डिझेलच्या थेंबांचं ते धुकं असतं. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानं डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. त्यांची कथा वेगळी.

पांढऱ्या धुक्याचे मात्र दोन प्रकार: एक डिझेलचं, दुसरं पाण्याचं. नाकानं ओळखा. डिझेलचं असेल तर उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. सायलेन्सरच्या तोंडापुढं कोरा कागद क्षणभर धरा. वाळल्यावरही तेलकट डाग राहिला तर डिझेल. धुक्याला उग्र वास नाही आणि रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होतंय, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत असणार. हेड गॅस्केट गेलं असेल किंवा हेडला चीर असेल. झाकण इंजिन थंड असतानाच काढा, मग चालू करून बघा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर शंका पक्की. तापल्या इंजिनाचं झाकण काढून तोंड भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. ऑइलची पट्टीही ओढून पाहा; ऑइल दुधासारखं झालं असेल तर गाडी चालवूच नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलं आणि तसाच स्टार्टर मारला, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो.

पाणी नाही, डिझेलच आहे, असं ठरलं की पुढचा प्रश्न: धूर फक्त सुरुवातीला येतो की गाडी तापल्यावरही? फक्त सुरुवातीला असेल तर हीटर प्लग तपासा. प्लगांना जोडणारी पट्टी सोडवायची, बारा व्होल्टच्या दिव्याची एक तार बॅटरीच्या अधिक टोकाला आणि दुसरी प्लगाच्या टोकाला लावायची. दिवा लागला नाही तर तो प्लग मेला. पण आठ-दहा किलोमीटर पळूनही धूर राहिला, तर प्लगांवर पैसे घालू नका.

तेव्हा डिझेल पाहा. टाकीच्या तळचं थोडं काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. पाणी असेल तर सकाळी तळाशी वेगळं दिसेल. पावसाळ्यात उघड्या पिंपातलं डिझेल घालणाऱ्यांनी हे आधी करावं.

मग दोषी सिलिंडर शोधायचा. इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपची चक्री किंचित ढिली करा, वर फडकं धरा. हात उघडा ठेवू नका. त्या दाबाचा फवारा कातडीतून आत घुसतो. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन लडखडतं. ज्याच्यानं काहीच फरक पडत नाही आणि धूर मात्र कमी होतो, तो आपला गुन्हेगार. त्याचं नोझल शेजारच्याशी बदलून बघा, वॉशर नवे घाला. खोड नोझलबरोबर गेली तर नोझलच दुरुस्त करायचं. जागेवरच राहिली तर कॉम्प्रेशन कमी. तरीही हेड उघडण्याआधी टॅपेट तपासा. टॅपेट घट्ट झाले की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. आणि सगळेच सिलिंडर सारखाच धूर देत असतील, तर पंपाचं टायमिंग मागं पडलं असेल. ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं.

डोंगराचाही वाटा असतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंच, सांगली साधारण साडेपाचशे. वरची हवा सांगलीपेक्षा सुमारे दहाव्या हिश्शानं विरळ, शिवाय थंड. सांगलीत कशीबशी पेटणारी गाडी वर गेली की धुरकटते.

माझ्या ओळखीच्या एका मास्तरांची जीप अशीच होती. नोझलं बदलून झाली, खोलायचं ठरलंही. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरनं रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावला. अर्धा तास चालूनही ती कोमट. कोणीतरी उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून आतला थर्मोस्टॅट काढून टाकला होता. पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरत राहिलं, डिसेंबरच्या घाटात इंजिन तापलंच नाही. नवा थर्मोस्टॅट बसवला, आणि इंजिन खोलावं लागलं नाही.