रात्री दुखणारी पाठ

लहान मुलाची पाठ दुखते म्हटले की पहिला संशय दप्तरावर जातो. पण दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वेदनाशामक गोळीने आराम पडून दुखणे पुन्हा सुरू होत असेल, तर मणक्यात ‘ऑस्टिऑइड ऑस्टिओमा’ असू शकतो. ही कर्करोग नसलेली, दीड सेंटिमीटरहून लहान गाठ. अशा सुमारे १० टक्के गाठी कण्यात होतात. साध्या एक्स-रेत त्या सहज निसटतात, सीटी स्कॅनमध्ये नेमक्या दिसतात. पूर्वी पाठ उघडून हाड कोरावे लागे, कधी मणके स्क्रूने जोडावे लागत. वाढत्या मुलासाठी ही किंमत फार मोठी. १९९२ मध्ये बोस्टनच्या डॉ. रोझेंथाल यांनी सुईचा मार्ग मांडला. भूल देऊन, सीटी स्कॅनवर पाहत सुई गाठीत नेतात आणि तिचे टोक सुमारे ९० अंशांवर पाच-सहा मिनिटे तापवून गाठ जाळतात. मज्जारज्जूच्या इतक्या जवळ उष्णता नेणे धोक्याचे नाही का? आहेच. म्हणून गाठ आणि नस यांतले अंतर आधी मोजतात, मधल्या जागेत थंड द्रव किंवा वायू सोडतात. अंतर फारच कमी असेल, गाठ मोठी असेल, तर शस्त्रक्रियाच बरी.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात हाडांच्या अशा गाठींवर सुईने उपचार होतात, आणि २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावते. तरी त्याच मार्गावरच्या पालघर-बोईसरच्या मुलाला परळ दूरच, कारण तिकडे पाठवायला हवे हे कुणाच्या लक्षात यावे लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्येच झाली. त्याची पथके शाळाशाळांत मुले तपासतात. त्यांनी एवढेच विचारावे: पाठ रात्री दुखते का? आणि मुलाला वाकायला लावून कणा वाकडा झाला आहे का ते पाहावे. इतक्या दुर्मिळ आजारासाठी हा व्याप कशाला, असे कुणी म्हणेल. पण याच प्रश्नातून मणक्याचा क्षयही सापडतो, क्वचित रक्ताचा कर्करोगही. तारापूरच्या कामगार वस्त्यांत आणि जव्हारच्या पाड्यांवर क्षय काही दुर्मिळ नाही. काही गाठी वर्षांनी आपोआप शमतात, मग गोळ्यांवर थांबायला काय हरकत, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. हाता-पायाच्या गाठीत डॉक्टरांच्या देखरेखीखाली तसे थांबताही येते. गाठीमुळे कणा वाकला असेल तर मात्र नाही: १९८६ च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार दुखणे सुमारे १५ महिन्यांपलीकडे लांबले, तर गाठ काढल्यावरही बाक आपोआप सरळ होण्याची शक्यता घटते. हे महिने बोईसरच्या औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांवर सहज निघून जातात, कारण गोळी खरोखरच लागू पडते.