ताऱ्यांच्या विकृत प्रतिमांचे निदान

दूरदर्शकाने घेतलेल्या छायाचित्रात तारा बिंदुरूपाने उमटावा अशी अपेक्षा असते. वस्तुतः विवर्तन व वातावरणाची चलबिचल यांमुळे त्याची लहानशी चकती होते. ही चकती वर्तुळाकार असेल तोवर तक्रारीस जागा नाही. ती लांबट, त्रिकोणी अथवा शेपटीयुक्त झाली की मोजमापांवरील विश्वास डळमळू लागतो. रूपविकारी ताऱ्याचे तेज ठराविक त्रिज्येच्या वर्तुळातील प्रकाशावरून काढतात. सर्व क्षेत्रात विकृती सारखी असेल, तर तुलनाताऱ्याचाही तेवढाच प्रकाश वर्तुळाबाहेर जातो व फरक बहुधा शाबूत राहतो. विकृती जागोजाग बदलत असेल, तर मात्र फरकच खोटा ठरतो. म्हणून एकाच ताऱ्यावरून निदान न करता विकृती चित्रक्षेत्रात कशी वाटली गेली आहे, हे प्रथम पाहावे.

उदाहरणादाखल 200 मि.मी. व्यासाचा, 1000 मि.मी. नाभ्यंतराचा न्यूटनी दूरदर्शक आणि 3.76 मायक्रॉन चित्रबिंदूंचा संवेदक घेऊ. येथे एक चित्रबिंदू म्हणजे सुमारे 0.78 विकला होय.

पहिली कसोटी काळाची. त्याच क्षेत्राची दोन सेकंदांची व पाच मिनिटांची अशी दोन छायाचित्रे घ्यावीत. पहिल्यात तारे गोल व दुसऱ्यात सर्वत्र एकाच दिशेने लांबट असतील, तर दोष भिंगांचा अथवा आरशांचा नसून अनुसरणाचा आहे. लांबी पूर्व-पश्चिम असल्यास मळसूत्री दंतचक्राचा आवर्ती दोष संभवतो. 180 दात्यांच्या चक्रात तो सुमारे 8 मिनिटांनी पुनरावृत्त होतो. लांबी दक्षिणोत्तर असल्यास ध्रुवाक्ष तपासावा. याम्योत्तर वृत्तापाशी हे सरकणे दिसले तर दोष अक्षाच्या दिगंशात, आणि पूर्व वा पश्चिम बाजूस दिसले तर उन्नतांशात असतो.

भडगावचे अक्षांश सुमारे 20.6 उत्तर असल्यामुळे ध्रुव तेथे क्षितिजापासून तितकाच उंच राहतो. इतक्या खाली वातावरणीय वक्रीभवन ध्रुवताऱ्यास सुमारे अडीच कला उचलून दाखविते. शिवाय तो खऱ्या ध्रुवापासून सुमारे 38 कला दूर आहे. त्यालाच ध्रुव मानून अक्ष लावल्यास पाच मिनिटांत तारा सुमारे 50 विकलांपर्यंत सरकू शकतो. अक्ष केवळ 5 कला चुकला तरी हे सरकणे साडेसहा विकलांपर्यंत, म्हणजे आठ चित्रबिंदूंपर्यंत जाते. मार्गदर्शक ताऱ्यावर अनुसरण बांधले असल्यास तो तारा गोल राहतो व इतर तारे त्याच्याभोवती लहान कंस काढतात.

अल्पकालीन छायाचित्रातही विकृती टिकली, तर दोष प्रकाशीय रचनेत शोधावा. तारे मध्यभागी निर्दोष आणि कडांकडे शेपटीयुक्त असतील, तर तो अन्वस्तीय आरशाचा स्वाभाविक कोमा होय. वरील दूरदर्शकात अक्षापासून 10 मि.मी. अंतरावर त्याची लांबी सुमारे 15 विकला भरते; नाभ्यंतर व व्यास यांचे गुणोत्तर दुप्पट केल्यास, तेवढ्याच कोनीय अंतरावर, ती चौथाई होते. शेपट्यांचे केंद्र चित्राच्या मध्यावर नसेल, तर आरसे एकाक्ष नाहीत. सुधारक भिंग बसविले असूनही चारही कोपऱ्यांत तारे सारखेच लांबट दिसत असतील, तर संवेदकाचे भिंगापासूनचे अंतर चुकले आहे असे समजावे.

एकच कोपरा बिघडला असेल, तर कॅमेरा दूरदर्शकावर फिरवून पाहावा. दोष चित्राच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर संवेदक तिरपा आहे. कोपरा बदलला तर दोष दूरदर्शकात आहे. नाभीच्या आत-बाहेर जाताना प्रतिमेची लांबी काटकोनात वळत असेल, तर अबिंदुकता आहे. अनुसरणदोषात असे वळण येत नाही. त्रिकोणी तारे तीन चिमट्यांत आवळलेल्या आरशाची साक्ष देतात. चार आधारपट्ट्यांमुळे ताऱ्यास फुटणारे चार किरण मात्र विवर्तनाचे होत. तो दोष नव्हे.

काही विकृती यंत्राच्या नसतातच. नरतुरंगातील ओमेगा हा तारकागुच्छ भडगावहून जास्तीत जास्त सुमारे 22 अंश उंच येतो. तेथे वातावरण प्रकाशाचे पृथक्करण करते. निळा भाग वर व तांबडा खाली राहून तारा उभा ताणला जातो. यावर आरसे जुळविण्यात वेळ दवडू नये. गाळणी लावून अरुंद वर्णपट्टा घ्यावा. खानदेशातील उन्हाळ्यात दिवसभर तापलेला आरसा निवण्यापूर्वी घेतलेली छायाचित्रेही यंत्राविषयी चुकीची साक्ष देतात.

प्रतिमेवरून दोषाचे मोजमाप करता येते, याचे ठळक उदाहरण म्हणजे हबल दूरदर्शक. 1990 मध्ये त्याच्या तारकाप्रतिमांभोवती सर्वत्र प्रभामंडल आढळले. आरशाची कड सुमारे 2 मायक्रॉनने अधिक सपाट घासली गेली होती. या गोलीय विपथनाचे परिमाण प्रतिमांच्या विश्लेषणातूनही निश्चित करण्यात आले आणि डिसेंबर 1993 मध्ये सुधारक रचना बसविण्यात आली. आपल्या लहान यंत्रांपुरता क्रम असा ठेवावा : प्रथम काळाची कसोटी, मग क्षेत्रातील वाटणी, मग कॅमेऱ्याचे परिभ्रमण, आणि शेवटी नाभीची कसोटी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्यास दोष नाहीसा झाला तरी त्याचे कारण अज्ञातच राहते.