से कॅथेड्रल: जांभा, चुना आणि एक मनोरा

जुन्या गोव्यात रस्त्याच्या एका बाजूला उघड्या, तांबड्या जांभ्याचं बॉम जेझूस चर्च आणि दुसऱ्या बाजूला पांढरंशुभ्र से कॅथेड्रल. बॉम जेझूसमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन घेऊन आलेले प्रवासी से घाईघाईत उरकतात. खरं तर पोर्तुगीज गोव्याची ही राजधानी कशी चढली आणि कशी उतरली, ते याच भिंतींवर वाचायला मिळतं.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कनं आदिलशाहीकडून गोवा जिंकलं. तो संत कॅथरिनच्या सणाचा दिवस, म्हणून कॅथेड्रल तिच्या नावे. आजच्या इमारतीचं काम १५६२मध्ये सुरू झालं. मुख्य बांधकाम संपायला १६१९ उजाडलं आणि वेद्या पुऱ्या व्हायला १६५२. तोवर पोर्तुगीजांच्या वैभवाला ओहोटी लागली होती.

आराखडा युरोपचा, पण दगड कोकणातला. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, सहज तासता येतो. वारा लागला की घट्ट होतो. मात्र त्याला भोकंच भोकं, आणि आपला पाऊस त्यात मुरतो. म्हणून वरून चुन्याचा गिलावा हवाच. बॉम जेझूसचा गिलावा १९५०च्या दशकात, ते जुनं दिसावं म्हणून, खरवडून काढला गेला आणि तेव्हापासून तिथला जांभा पाऊस झेलतो आहे. सेचा गिलावा राहिला, ही मोठीच गोष्ट.

दर्शनी बाजूला पूर्वी दोन मनोरे होते. एक १७७६मध्ये कोसळला, तो पुन्हा उभारलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. तिचा नाद गोड म्हणून सगळे वाखाणतात, पण इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा इथे शेजारीच होता, हे विसरून तो ऐकू नये.

आत गेलात की मुख्य वेदीजवळ निवांत थांबा. सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी कोरीवकामात कॅथरिनचं आयुष्य आणि हौतात्म्य एकेका चौकटीत मांडलंय. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, दुधी तुकडे बसवायची इथली जुनी रीत. त्यांतून झिरपणारं ऊन डोळ्यांना टोचत नाही. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड तर १५३२चं, इमारतीहूनही जुनं.

दर दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शनासाठी झेवियरचे अवशेष बॉम जेझूसमधून मिरवणुकीनं इथेच आणतात. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात दर्शनाच्या रांगा याच पांढऱ्या भिंतींच्या आत सरकत होत्या.