मर्यादित जागेतील खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : गाळणयंत्रणेच्या मांडणीचा विचार

बीजसंज्ञा : सागरी मत्स्यालय, गाळणयंत्रणा, सम्प, प्रोटीन स्किमर, जागेचे नियोजन

प्रस्तावना :
सागरी जीव फॉर्मॅलिनच्या बरणीत पाहणे आणि जिवंत अवस्थेत पाहणे यांत फार मोठे अंतर आहे. म्हणूनच प्राणिशास्त्र विभागात खाऱ्या पाण्याचे एक लहानसे मत्स्यालय असावे, अशी इच्छा अनेक अध्यापक बाळगतात. प्रत्यक्षात मात्र प्रयोगशाळेत एका टेबलापुरतीच जागा मिळते आणि गाळणयंत्रणेच्या वाट्याला टेबलाखालचे कपाट येते. मग उपकरणे एकेक करून आणली जातात व मावतील तशी बसविली जातात.

प्रस्तुत लेखकानेही आपल्या विभागात हीच चूक केली. एका उन्हाळ्यात शनिवारी रात्री काही काळ वीज गेली. सोमवारी प्रयोगशाळा उघडली तेव्हा फरशीवर पाणी होते, पंप कोरडा फिरत होता आणि चारपैकी दोन क्लाउनफिश मृतावस्थेत आढळले. एकाही उपकरणात बिघाड नव्हता. दोष मांडणीचा होता. कमी जागेत गाळणयंत्रणा बसविताना कोणत्या गोष्टींचा हिशेब आधी केला पाहिजे, हे स्पष्ट करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

१. खाऱ्या पाण्यात गाळणाचे महत्त्व :
माशांच्या कल्ल्यांतून तसेच उरलेल्या अन्नाच्या कुजण्यातून अमोनिया पाण्यात येतो. तो पाण्यात दोन रूपांत असतो : अमोनियम आयन आणि मुक्त अमोनिया. यांपैकी मुक्त अमोनिया अधिक घातक होय. पाण्याचा सामू १ ने वाढला की मुक्त अमोनियाचे प्रमाण सुमारे दहापट होते. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारणतः ८.१ ते ८.३ असतो. त्यामुळे सामू ७ असलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीत खपून जाणारा निष्काळजीपणा येथे माशाच्या जिवावर बेततो. शिवाय २५ अंश सेल्सिअस तापमानास गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅमच. पाण्याचे अभिसरण थांबले की प्राणवायूची ही अपुरी शिल्लक लवकर संपते.

२. घटक आणि त्यांचा क्रम :
टाकीखालच्या कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या लहान टाकीस ‘सम्प’ म्हणतात. वरच्या टाकीचे पाणी ओसंडून नळीवाटे सम्पमध्ये येते, शुद्ध होते व पंपाद्वारे परत वर जाते. सम्पमध्ये पुढील क्रम राखणे इष्ट ठरते.

(अ) भौतिक गाळण : पाणी प्रथम कापसासारख्या तंतूंच्या थरातून जावे. हा थर दोन-तीन दिवसांनी बदलावा वा धुवावा. अन्यथा अडकलेला मळ तेथेच कुजतो आणि गाळणीच अमोनियाचा स्रोत बनते.

(आ) प्रोटीन स्किमर : या उभ्या नळकांड्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडले जातात. विरघळलेले सेंद्रिय पदार्थ बुडबुड्यांच्या पृष्ठभागास चिकटून फेसाच्या रूपाने वरच्या पेल्यात जमा होतात. समुद्रकिनारी लाटांचा फेस टिकतो, तशीच ही क्रिया आहे. खाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, म्हणून हे उपकरण तेथे उपयुक्त ठरते. गोड्या पाण्यात ते फारसे काम देत नाही. स्किमरला ठरावीक खोलीचे स्थिर पाणी लागते. त्यामुळे त्याच्या कप्प्यातील पातळी आडव्या काचेने कायम राखावी. स्किमरच्या वर पेला काढता येईल इतकी उंचीही मोकळी हवी. उपकरण कपाटात मावते, पण पेला निघत नाही, ही नेहमीची अडचण आहे.

(इ) जैविक गाळण : नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा यांसारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यांना वाढण्यास सच्छिद्र पृष्ठभाग लागतो. नव्या टाकीत हे जिवाणू स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे सोडू नयेत. परदेशी पुस्तकांत यासाठी समुद्रातून आणलेल्या ‘जिवंत खडकाची’ शिफारस असते. आपल्याकडे मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना संरक्षण असल्याने समुद्रातून प्रवाळखडक आणण्याचा विचारही करू नये. सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे तेच काम कमी जागेत करतात.

(ई) परतीचा कप्पा : शेवटच्या कप्प्यात पंप असतो. बाष्पीभवनाने होणारी घट केवळ याच कप्प्यात दिसते. वाफ होऊन पाणी जाते, मीठ मागे राहते. म्हणून ही घट क्षारविरहित गोड्या पाण्यानेच भरून काढावी.

३. जागेचे गणित :
आमच्या टाकीचा तळ ९० × ४५ सें.मी. आहे, म्हणजे ४०५० चौ. सें.मी. कपाटात ६० × ३५ × ३८ सें.मी. मापाचा सम्प बसतो. त्याची एकूण क्षमता सुमारे ८० लिटर. जास्त पाणी म्हणजे जास्त स्थैर्य, या समजुतीने आम्ही सम्प ३४ सें.मी. पर्यंत भरला होता. वर केवळ ४ सें.मी., म्हणजे सुमारे ८ लिटरची जागा उरली.

पंप बंद पडला की परतीची नळी सायफन बनते व तिचे तोंड उघडे पडेपर्यंत वरचे पाणी खाली खेचते. आमच्या नळीचे तोंड पृष्ठभागाखाली ८ सें.मी. होते. म्हणजेच ४०५० × ८ = ३२,४०० घन सें.मी., अर्थात ३२ लिटरहून अधिक पाणी, शिवाय नळ्यांतील सुमारे ४ लिटर, असे एकूण ३६ लिटर पाणी खाली आले. ८ लिटरच्या जागेत ते मावणे शक्य नव्हते. सुमारे २८ लिटर पाणी फरशीवर गेले. वीज परतल्यावर वरची टाकी ओसंडण्याइतके पाणीच सम्पमध्ये उरले नव्हते. अभिसरण पुन्हा सुरू झाले नाही आणि पंप कोरडा पडला.

उपाय अत्यल्प खर्चाचा निघाला. परतीच्या नळीस पृष्ठभागाखाली सुमारे १ सें.मी. वर एक लहान छिद्र पाडले. पातळी तेथवर उतरताच छिद्रातून हवा आत शिरते व सायफन तुटतो. मात्र टाकीचे पाणी ओसंडण्याच्या कडेपर्यंत उतरतच राहते, म्हणून २ सें.मी. ची घट, म्हणजे सुमारे ८ लिटर, आणि नळ्यांतील ४ लिटर, असे १२ लिटर धरले. सम्पमधील पातळी ३४ ऐवजी २२ सें.मी. ठेवली, त्यासाठी आतील काचाही कमी उंचीच्या बसविल्या. आता वर १६ सें.मी., म्हणजे सुमारे ३३ लिटर जागा मोकळी राहते. छिद्र मिठाने बुजू शकते, म्हणून ते दर आठवड्यास तपासावे लागते.

याउलट धोकाही लक्षात घ्यावा. ओसंडण्याची जाळी शेवाळाने बुजली तर पंप परतीच्या कप्प्यातील सर्व पाणी वर ढकलतो. आमचा हा कप्पा २० × ३५ सें.मी. असून २२ सें.मी. पातळीस त्यात सुमारे १५ लिटर पाणी असते. वरच्या टाकीत काठापर्यंत ४ सें.मी., म्हणजे १६ लिटर जागा मोकळी असल्याने टाकी सांडत नाही. हे दोन्ही हिशेब टाकी भरण्यापूर्वी कागदावर करावेत आणि नंतर पंप मुद्दाम बंद करून प्रत्यक्ष पडताळावेत.

४. अन्य व्यवहार्य बाबी :
कपाट बंदिस्त ठेवल्यास पंपाची उष्णता व दमटपणा साचतो. म्हणून मागील बाजूस हवा खेळती ठेवावी. खारे तुषार लोखंड गंजवतात, तर तांबे-पितळ अपृष्ठवंशीय प्राण्यांना विषारी ठरते. सर्व जोडण्या पीव्हीसीच्या असाव्यात. विजेची वायर प्लगच्या खाली झोळ देऊन आणावी, जेणेकरून थेंब प्लगपर्यंत न जाता झोळावरून खाली पडतील. गळती होताच प्रवाह तोडणारा स्विचही बसवावा. कपाटच नसेल तर टाकीच्या मागील भागात उभ्या काचेने कप्पे करणे हा पर्याय आहे. त्यात सांडण्याचा धोका कमी असला तरी माशांची जागा घटते. वीज जाण्याच्या काळासाठी बॅटरीवरील हवेचा पंप जवळ असणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
जागा अपुरी असते तेव्हा किती उपकरणे मावतील, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. वस्तुतः पाण्याचा क्रम, मोकळी सोडलेली जागा आणि हात पोहोचण्याची सोय या तीन बाबी आधी ठरवाव्यात व उरलेल्या जागेत उपकरणे बसवावीत. सम्पमधील रिकाम्या १६ सें.मी. वाया गेलेल्या नसून वीज जाते त्या रात्री त्याच माशांना वाचवितात. एवढे करूनही यंत्रणा लहान पडत असेल, तर माशांची संख्या कमी करावी. विद्यार्थ्यांना जीवसृष्टी शिकविण्यासाठी पाळलेल्या जिवांबाबत एवढी जबाबदारी अध्यापकावर निश्चितच आहे.