कवचातला जीव टिपताना

समुद्रकाठच्या वाळूत फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचे सापडतात. त्यांपैकी कित्येक अनेक कप्प्यांची, शंखासारखी गुंडाळलेली असतात. हे रूप पाहून अल्सीद दॉर्बिनी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२६ साली त्यांना नॉटिलस आणि माखली यांच्या वर्गात बसवले. १८३५ साली फेलिक्स द्युजार्दां यांनी हे जीव जिवंतपणी पाहिले, तेव्हा कवचातून बाहेर आलेले, सतत हालणारे बारीक धागे त्यांना दिसले. आत अवयव नव्हते, होते फक्त साधे जीवद्रव्य. कवच तेच, पण जीव पाहिल्यावर त्याचा अर्थच बदलला!

आपल्या शाळेजवळ समुद्र नसला तरी हरकत नाही. डबक्यातल्या पाणवनस्पतींच्या पानांची खालची बाजू खरवडून ते पाणी काचपट्टीवर घ्या. पिवळसर किंवा तपकिरी, मध्ये भोक असलेली गोल चकती दिसली तर ती बहुधा अर्सेला, म्हणजे कवच असलेला अमीबा. मधले भोक हे केंद्रक नव्हे. ते कवचाचे तोंड आहे. त्यातूनच छद्मपाद बाहेर येतात. रिकामी कवचेही बरीच आढळतात. म्हणून छायाचित्र घेण्याआधी आत जीवद्रव्य आहे ना, हे पाहावे.

पहिला धोका आच्छादन काचेचा. पाणी सुकू लागले की काच खाली येते आणि जीव चिरडला जातो. काचेच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलीनचे ठिपके लावावेत आणि अधूनमधून कडेने थेंबभर पाणी सोडावे. दुसरा धोका उष्णतेचा. तापणाऱ्या बल्बऐवजी एलईडी वापरावा, आणि सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर थेट ऊन कधीही घेऊ नये. डोळ्यालाही इजा होते. धक्का बसला की छद्मपाद आत ओढले जातात, म्हणून काही वेळ शांतपणे थांबावे. छद्मपाद पारदर्शक असल्याने भरपूर उजेडात हरवतात. पडदा थोडा मिटला की त्यांच्या कडा उठून दिसतात.

आता मोबाईलचा कॅमेरा नेत्रिकेवर स्थिर बसवा. बटण दाबताना बसणारा धक्काही सूक्ष्मदर्शकाखाली मोठा होतो, म्हणून टायमर लावावा. खरी अडचण मात्र वेगळीच आहे. ४० पट वस्तुभिंगाखाली एका वेळी जेमतेम एक मायक्रोमीटर जाडीचा थर स्पष्ट दिसतो. कवचाची उंची त्याच्या कितीतरी पट असते. तोंड स्पष्ट केले की घुमटाची कड पुसट होते. निरनिराळ्या पातळ्यांवर छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र जोडता येतात. रिकाम्या कवचाला ही युक्ती चालते. जिवंत जीवाचे छद्मपाद मात्र दोन छायाचित्रांच्या मधल्या वेळात जागा बदलतात. मग जोडलेल्या चित्रात कोणत्याही क्षणी अस्तित्वात नसलेला प्राणी तयार होतो! अशा वेळी वेळ लिहिलेली साधी छायाचित्रमालाच अधिक प्रामाणिक.

अशी माला घेण्याजोगी एक घटनाही आहे. अर्सेला उलटा पडला की त्याच्या जीवद्रव्यात वायूचे बुडबुडे तयार होतात, एक बाजू उचलली जाते आणि तो सुलटा होतो. दर अर्ध्या मिनिटाला एक छायाचित्र घेऊन पाहा.

शेवटी मोजमाप. १० पट वस्तुभिंगाखाली, कॅमेऱ्याचे झूम न बदलता, आधी पारदर्शक मोजपट्टीचे आणि मग जीवाचे छायाचित्र घ्यावे. सारख्याच प्रमाणात छापलेल्या चित्रांत १ मिलिमीटरचे अंतर १२ सेंटिमीटर आणि कवच १.२ सेंटिमीटर भरले, तर कवचाचा व्यास ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रोमीटर झाला.

काम संपल्यावर काचपट्टीवरचे पाणी पुन्हा डबक्यात सोडावे. विद्यार्थ्यांना चित्राबरोबर तो जीवही आपला वाटू लागला, तर आपला तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.