‘मुलूखगिरी’ या शब्दाची कुळकथा

एखादा वक्ता चार गावी व्याख्याने देऊन परतला, की ‘यंदा त्यांची मोठी मुलूखगिरी झाली’ असे आपण सहज म्हणून जातो. शब्द ऐटबाज आहे, थोडा हसराही आहे. परंतु आम्हां गुजरातेतील मराठी मंडळींनी तो उच्चारताना क्षणभर थबकावे, असा त्याचा पूर्वेतिहास आहे.

‘मुल्क’ हा शब्द मूळचा अरबी. सत्ता, राज्य आणि पुढे राज्याखालील प्रदेश असा त्याचा अर्थ विस्तारत गेला. आपला ‘मालक’ आणि मलिकंबराच्या नावातील ‘मलिक’ ही त्याच धातूची अपत्ये होत. ‘गिरी’ मात्र फारसी. ‘जहांगीर’ म्हणजे जग घेणारा, तसा ‘मुल्कगीर’ म्हणजे मुलूख घेणारा. ‘शिपाईगिरी’तील प्रत्यय निराळा आहे, विद्यार्थी दोहोंची गल्लत करतात, पण कानाला दोन्ही सारखेच लागत असल्याने त्यांना बोल तरी कसा लावावा?

नवल असे की, अठराव्या शतकातील काठेवाडात या शब्दाचा अर्थ मुलूख घेणे असा उरला नव्हता. गायकवाडांची वा पेशव्यांची फौज जाई, खंडणी वसूल करी आणि परत फिरे. जुनागडचे नवाबही ‘जोरतलबी’ या नावाने असाच कर घेत. जबरदस्ती नावातच होती! फौज येई ती पिके उभी असताना. घोड्यांना वैरण आणि वसुलीला तारण एकाच शेतात मिळे. ठाकुराने रक्कम नाकारली, की तुडवले जाई ते कुणब्याचे पीक. त्या आकड्याशी त्याचा काय संबंध? स्वाऱ्यांची वर्णने आम्ही अभिमानाने वाचतो. त्यांत हा कुणबी क्वचितच भेटतो.

१८०७ साली बडोद्याचा रेसिडेंट कर्नल वॉकर गायकवाडांच्या फौजेसह काठेवाडात गेला आणि ठाकुरांच्या खंडणीचे आकडे कायमचे ठरवून आला. १८१७ साली पेशव्यांचा हिस्सा इंग्रजांकडे गेला. १८२० साली गायकवाडांनी इंग्रजांच्या संमतीवाचून तिकडे फौज न पाठविण्याचे मान्य केले. खंडणी इंग्रजांमार्फत बडोद्यास येऊ लागली. इंग्रजांचे हे औदार्य खचितच नव्हते, परंतु उभी पिके वाचली.

फौजेबरोबर शब्दाचेही काम संपले. मराठीत त्याला पुढे कीर्तनकारांनी, नाटकमंडळ्यांनी आणि व्याख्यात्यांनी आश्रय दिला. मुलूखगिरीहून परतणारी मंडळी आता हारतुरे घेऊन येतात.