आखातातून नागपूरला

वादी अदाईत किंवा मस्कतच्या इतर वस्त्यांत राहणाऱ्या मराठी पालकांनी ‘दासा’ योजनेतला एक उपप्रकार नीट वाचावा. दासा म्हणजे परदेशस्थ विद्यार्थ्यांसाठी एनआयटी आणि इतर संस्थांमधल्या वाढीव जागा. नागपूरची व्हीएनआयटीही त्यात येते. दासाचे शुल्क डॉलरमध्ये आणि जबर. पण आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी ‘सीआयडब्ल्यूजी’ हा वेगळा कोटा आहे. तिथे शिक्षणशुल्क भारतातल्या विद्यार्थ्यांइतकेच. नोकरदार आईबापांना परवडणारा खरा मार्ग हाच! जेईई मेन ही प्रवेशपरीक्षा मात्र चुकत नाही.

ओमानमध्येच शिकायचे तर पदवीपूर्वी पायाभूत अभ्यासक्रम असतो: इंग्रजी, गणित, संगणक, अभ्यासकौशल्ये. दासाचा मार्ग धरायचा तर अकरावी-बारावीसाठी मुलांना गावी पाठवण्याआधी त्याची पात्रता तपासा. ही दोन वर्षे परदेशात शिकणे ही त्यातली अट आहे.